ॲड. प्रदीप घरत साहेबांना एक जाहीर पत्र

माननीय घरत साहेब,

सादर नमस्कार.

पोलीस अधिकारी अश्विनी बिद्रे-गोरे यांच्या खुनाच्या खटल्यात तुम्ही विशेष सरकारी वकील म्हणून उभे राहिलात, त्याचे आभार मानायला हे पत्र. मी बिद्रे किंवा गोरे कुटुंबातली कुणी नाही. त्यांचं आळते गाव आमच्या हातकणंगले तालुक्यातलं, एवढंच नातं. पण अश्विनीताई आमच्या भागातल्या मुलींसाठी कोण होत्या, हे तुम्हाला कागदपत्रांतून कळलं नसेल. स्पर्धा परीक्षा देऊन फौजदार झालेली शेजारच्या गावची लेक म्हणून आया आपापल्या मुलींना त्यांचं नाव सांगायच्या. माझी भाची सध्या भरतीची तयारी करते. म्हणून हे आभार तिच्याही वतीनं.

११ एप्रिल २०१६ पासून ताई बेपत्ता होत्या. त्यानंतरही त्यांच्या मोबाइलवरून घरच्यांना मेसेज येत राहिले, म्हणजे शोधायला निघणाऱ्यांना घरातच थोपवून ठेवायची सोय! भाऊ आणि पती तक्रारी घेऊन फिरले, उच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे जानेवारी २०१७ च्या अखेरीस गुन्हा नोंदला गेला. त्याच्या काही दिवस आधी, प्रजासत्ताक दिनी, पुढं मुख्य आरोपी ठरलेल्या पोलीस निरीक्षक अभय कुरुंदकरला राष्ट्रपती पदक जाहीर झालं होतं. अटक व्हायला डिसेंबर उजाडला. हे सगळं एका पोलीस अधिकारी बाईच्या बाबतीत झालं. साध्या घरातली मुलगी असती तर? असो.

तुम्ही उभे राहिलात तो खटला कागदावर अवघडच होता. मृतदेह नाही. तुकडे करून वसईच्या खाडीत टाकल्याचं तपासात पुढं आलं, नौदलाची मदत घेऊन शोध झाला, हाती काही लागलं नाही. ‘बॉडी मिळाली नाही तर केस टिकत नाही’ हे वाक्य आमच्याकडं पारावर बसलेला कुणीही ऐकवतो. खरं तर मृतदेह सापडलाच पाहिजे अशी अट कायद्यात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८१ मध्येच रामानंद खटल्यात सांगितलंय. पण ते पनवेलच्या कोर्टात सिद्ध करायला कुणीतरी लागतं. कॉल रेकॉर्ड, मोबाइलचं लोकेशन, चॅट, ८० हून जास्त साक्षीदार, आणि समोर तपासाच्या सगळ्या खाचाखोचा जाणणारा अधिकारी. तुम्ही एकेक दुवा जुळवत नेलात.

ज्यांनी तपास केला त्या पोलिसांचेही आभार मानायलाच हवेत. आपल्याच खात्यातल्या वरिष्ठाविरुद्ध पुरावा गोळा करणं सोपं नसतं.

२१ एप्रिल २०२५ ला कुरुंदकरला जन्मठेप झाली. पुरावा नष्ट करायला मदत करणाऱ्या दोघांना सात वर्षं, एक जण सुटला. शिक्षा पुरेशी की अपुरी यावर आमच्याकडं अजून वाद होतात. मला विचाराल तर नऊ वर्षं लागली याचाच राग जास्त आहे. पण त्या घराला ‘ती कुठंतरी निघून गेली असेल’ हे आता कुणी ऐकवू शकणार नाही. कोर्टानं खून झाला असं म्हटलंय, लेखी. हे तुमच्यामुळं घडलं.

अपिलाची वाट आरोपीला मोकळी आहे, तेव्हा तुमचं काम कदाचित संपलेलं नसेल. कोल्हापूरकडं कधी येणं झालं तर आमच्याकडं जेवायला या. आगाऊ निरोप मात्र द्या, भाकरी गरम वाढता येईल.

आपली नम्र,
हातकणंगले तालुक्यातली एक मावशी