मोडशी म्हणजे फ्रॅक्चर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात शेजारच्या आजींना घेऊन दवाखान्यात गेले होते. त्यांनी सांगितलं, ‘‘माका मोडशी झाली हा.’’ घाटावरून नुकतेच आलेले तरुण डॉक्टर दचकले. ‘‘काय मोडलं? एक्स-रे काढूया.’’ आजी बिचाऱ्या पहाटेपासून परसाकडे खेपा घालत होत्या! हसू आलंच, पण डॉक्टरांचा कान अगदीच चुकला नव्हता. मोडशी हा शब्द ‘मोडणे’वरूनच आलाय, या दुखण्यात माणूस मोडून पडतो.

१५४३ साली गोव्यात पटकीची साथ आली, तेव्हा पोर्तुगीजांनी इथल्या लोकांच्या तोंडचं हेच नाव उचललं. गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात ते ‘मोर्शी’ असं नोंदवलं. पुढे त्याचं ‘मोर्देशीं’ झालं आणि फ्रेंचांनी तर ‘मोर द शियँ’ करून टाकलं, म्हणजे कुत्र्याची मौत! अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इंग्रजही कॉलऱ्याला हेच म्हणत. कुठे आमची मोडशी आणि कुठे तो कुत्रा. कॉलरा हे नाव ग्रीकांच्या पित्तावरून आलेलं, हिंदीतला हैजा अरबीतला. आपण त्याला पटकी म्हणतो, आणि मोडशी आता अपचनाच्या जुलाब-उलट्यांपुरती उरलीय.

जुन्या प्रवाशांनी लिहून ठेवलंय, की या दुखण्यावर टाचेला तापल्या लोखंडाचा डाग देत. मला नवल वाटलं नाही. माझ्या आजेसासूबाईंच्या उजव्या टाचेवर चवलीएवढा गुळगुळीत डाग होता, तेल चोळताना हाताला लागायचा. लहानपणी मोडशीत विळा तापवून ठेवला होता म्हणे. ‘‘म्हणान जगलंय,’’ असं वर ठसक्यात सांगत. (आता कोणी डागू नये, मीठ-साखरेचं पाणी द्यावं, तीस वर्षांच्या नोकरीची सवय सुटत नाही.)

बाहेरून कोकणात येणाऱ्या डॉक्टरांना मोडशी, मुरडा, कसर, पानथरी अशा पाचपन्नास शब्दांचा कागद पहिल्याच दिवशी हातात द्यावा, एवढीच विनंती. आमच्यासारख्या निवृत्त बायका तो फुकट लिहून देतील.

आजींच्या केसपेपरवर डॉक्टरांनी शेवटी ‘जी. ई.’ लिहिलं. ‘‘ह्या काय गो?’’ आजींनी रिक्षात विचारलं. म्हटलं, ‘‘मोडशी.’’

– एक निवृत्त आरोग्यसेविका, वेंगुर्ले