विस्तुलेकाठच्या गावाहून

वॉर्सा,
१५ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. "मोठ्या शहरांचं पुरे, एखाद्या लहान गावाबद्दल सविस्तर लिही," असं तू बजावलं होतंस. मग तसं गाव बघूनच लिहू म्हटलं आणि थांबलो. गेल्या आठवड्यात दोन दिवस काझिमिएश दोल्नीला राहून आलो. जेमतेम अडीच-तीन हजार वस्ती. लुब्लिनहून पन्नासेक किलोमीटर, नदीच्या अगदी कुशीत.

आपल्या भूगोलाच्या पुस्तकातली विस्तुला ती हीच नदी. इथले लोक तिला विस्वा म्हणतात. १,०४७ किलोमीटर लांब, पोलंडची सर्वात मोठी नदी. वॉर्सात ती पसरट दिसते. इथे मात्र चुनखडीचं पठार कापत येते, त्यामुळे दोन्ही काठ उंच. पलीकडे यानोव्येत्सच्या किल्ल्याचे भग्न अवशेष, आणि उन्हाळ्यात तिकडे जायला फेरीबोट.

आता माती. सरांनी फळ्यावर 'लोएस' लिहून दिलेलं तुला आठवत असेल. ती मी इथे हाताने चुरून बघितली. हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर धूळ, पिठासारखी मऊ. कोरडी असली की तिचे उभे कडे वर्षानुवर्षं टिकतात, पाणी लागलं की ढासळतात. शतकानुशतकं गाड्यांच्या चाकांनी वाटा रुतत गेल्या, पावसाच्या लोटांनी त्या आणखी कोरल्या आणि गावाभोवती घळींचं जाळं झालं. त्यातल्या एकीचं नाव 'मुळांची घळ'. आत शिरलो तर दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर मातीच्या भिंती, आणि त्यांतून झाडांची मुळं उघडी पडून लोंबलेली. मी तिथे तासभर होतो. एवढी शांतता की वरून गळणाऱ्या पानांचाही आवाज येत होता.

या मातीत धान्य चांगलं पिकतं, आणि गावाची सारी कहाणी त्या धान्याचीच. सोळाव्या-सतराव्या शतकात आसपासच्या जमीनदारांचा गहू नि राय (गव्हासारखंच एक धान्य) इथे यायचा. नदीकाठच्या दगडी कोठारांत साठवायचा, होड्या-तराफ्यांवर लादायचा आणि प्रवाहाबरोबर थेट ग्दान्स्क बंदरापर्यंत न्यायचा. तिथून तो पश्चिम युरोपात जाई. येताना मीठ, खारवलेले मासे, कापड. त्यातली मोजकी कोठारं अजून उभी आहेत. एकात निसर्गाचं संग्रहालय आहे. चौकात प्शिबिवा या दोन व्यापारी भावांची जोडघरं आहेत, १६१५ ची. घर म्हणजे दर्शनी बाजू नुसती कोरून काढलेली! मिकोवाय आणि क्शिश्तोफ अशी भावांची नावं, म्हणून दोन घरांवर त्याच नावांचे दोन संत. संत क्शिश्तोफ खांद्यावर बाळ येशूला घेऊन पाणी ओलांडतोय. ज्याचा सगळा पैसा नदीवरून आला, त्याने दारावर दुसरं काय कोरावं?

गावाचं नाव काझिमिएश द ग्रेट या राजावरून पडलं असं मीही धरून चाललो होतो. ते खरं नाही. त्याच्याही दीडेकशे वर्षं आधी, बाराव्या शतकात, काझिमिएश नावाच्याच एका सरदार-राजाने ही जमीन क्राकूवजवळच्या जोगिणींच्या मठाला दिली आणि त्यांनी गावाला त्याचं नाव दिलं. 'दोल्नी' म्हणजे खालचं. क्राकूवजवळच्या काझिमिएशपासून वेगळं ओळखता यावं म्हणून.

उतरण लागली ती १६५६ मध्ये. स्वीडिश फौजांनी गाव जाळलं. पुढे १७७२ च्या पोलंडच्या फाळणीत विस्तुलेचा खालचा पट्टा प्रशिया या शेजारच्या जर्मन राज्याने घेतला, जकातींचा बोजा लादला आणि ग्दान्स्कची वाट आवळली गेली. धान्याचा व्यापार बसला. नवी घरं बांधायला पैसाच नव्हता, म्हणून जुनी राहिली. आज आपण जे कौतुकाने बघतो ते त्या गरिबीने राखलेलं आहे, असं मला ठामपणे वाटतं. १९२० नंतर वॉर्साच्या चित्रकारांची इथे वर्दळ वाढली. तादेउश प्रुश्कोव्स्की आपल्या विद्यार्थ्यांना दर उन्हाळ्यात घेऊन यायचे.

मात्र त्या चित्रांत दिसणारी निम्मी माणसं आज गावात नाहीत. दुसऱ्या महायुद्धाआधी इथली जवळपास निम्मी वस्ती ज्यू होती. १९४२ च्या मार्चमध्ये नाझींनी त्यांना इथून हाकललं, आणि बहुतेकांचा शेवट बेऊझेत्सच्या मृत्युछावणीत झाला. सिनगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनागृह, युद्धात मोडलं. ते पुन्हा बांधलं, पण पुढे कित्येक वर्षं तिथे सिनेमागृह चाललं. ज्यू दफनभूमीतले दगड उपटून नाझींनी अंगणाला फरशीसारखे बसवले होते. युद्धानंतर ते तुकडे गोळा करून १९८४ मध्ये गावाबाहेर, रानाच्या कडेला, त्यांची एक उंच भिंत उभारली. कुठे आशीर्वादाचे दोन हात, कुठे पाणी ओतणारी सुरई, कुठे अर्ध्यात मोडलेली मेणबत्ती. ती बायकांच्या दगडांवर असते. आणि भिंत मधोमध वरपासून खालपर्यंत फाटलेली, मुद्दाम तशी बांधलेली. त्या फटीतून पलीकडे गेलो तर झाडांत उरलेसुरले दगड उभे. ज्यू रीतीप्रमाणे लोकांनी त्यांच्यावर खडे ठेवले होते. मीही एक ठेवला. फोटो काढावासा वाटला नाही.

तिथून चालत खाली आलो, चौकातल्या बेकरीतून कोंबड्याच्या आकाराचा पाव घेतला. हा इथला वाण. सैतानापासून गावाला वाचवणाऱ्या कोंबड्याची गोष्ट सांगतात त्यावरून. मग संध्याकाळी तीन क्रुसांच्या टेकडीवर चढलो. १७०८ च्या साथीत गेलेल्यांच्या स्मरणार्थ ते क्रूस. वरून लाल कौलं, चर्च, नदीचं वळण सगळं एका नजरेत येतं. अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

आता एक काम तुझ्याकडे. आपण सायकलवरून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जायचो, तिथे १९४३ ते ४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती, जवळपास पाच हजार माणसं. ती या गावची नव्हेत, तेव्हाच्या पोलंडच्या पूर्वेच्या भागातली. तो भाग आज पोलंडमध्येही नाही. त्यातली काही कोल्हापुरातच दफन आहेत. इथे १ नोव्हेंबरला घरोघरचे लोक दफनभूमीत जाऊन थडग्यांवर दिवे लावतात. त्या दिवशी जमलं तर त्या पोलिश थडग्यांवर माझ्या नावाने चार पणत्या लाव. तिकडची अवस्था कशी आहे तेही लिही.

काकूंना साष्टांग नमस्कार, धाकटीला आशीर्वाद.

तुझा,
वॉर्सावाला मित्र