बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

ती. बाबांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. 'सातवीच्या पोरांका जादूटोण्याचे गोष्टी सांगान भाषा शिकयतंस?' हे वाचून आधी हसले. पण तुम्ही जन्मभर मालवणात मास्तरकी केलेली, म्हणजे उत्तर नीट द्यायला हवं.

इथे ओहायोत मुलांकडून मुख्य मागणी एकच: मत मांडलंस ना, मग पुस्तकातला पुरावा दाखव. यंदा मी उर्सुला ले ग्विनची १९६८ सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घेतलीय. सगळी बेटंच बेटं, होड्या आणि वारा. मला तर घरचीच वाटली. शेळ्या राखणारा एक पोरगा, आई लवकर गेलेली, मावशी गावची चेटकीण. तीच त्याला पहिले मंत्र शिकवते. मोठ्या गुरुकुलात गेल्यावर ईर्ष्येला पेटून तो नको ती विद्या करून बसतो आणि एक सावली मोकळी सुटते.

दोष कोणाचा? त्याचा, की त्याला डिवचणाऱ्या सोबत्याचा? यावर परवा वर्गात जुंपली. नियम असा की पान आणि ओळ सांगितल्याशिवाय बोलायचं नाही. एरवी 'माझी सुट्टी' या विषयावर चार ओळी खरडून वही मिटणारा एक मुलगा पानं चाळत उभाच राहिला. डोळे पुस्तकात, बोट ओळीवर. त्याला मुद्देसूद लिहायला मी निबंधाचा विषय देऊन शिकवू शकले नसते, हे खरं.

या कादंबरीत जादू फुकट मिळत नाही. एका बेटावर पाऊस पाडलात तर दुसरीकडे दुष्काळ पडू शकतो. तो धागा धरून मी आपला राखणदार, म्हणजे जागेची राखण करणारा देव, सांगितला: जागा तो राखणार, आपण वर्षाला नारळ-कोंबडा चुकवायचा नाही. लगेच प्रश्न, 'आणि चुकला तर?' मग देवापुढे साकडं घालतो ते गाऱ्हाणंही, मधेमधे सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं असतं तसं, घालून दाखवलं. आता कुणी चोख पुरावा दिला की अख्खा वर्ग 'व्हय महाराजा' ओरडतो. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा डोकावून गेल्या.

पुढच्या महिन्यात प्रत्येकाने आपलं बेट रचायचंय: नकाशा, तिथल्या जादूचे नियम, नियम मोडल्यास काय. तेवढ्यासाठी एक काम करा. आपल्या वाडीतलं गाऱ्हाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. मला मधलं आठवत नाही, आणि पोरं अर्धवट चालवून घेत नाहीत. आईला सांगा, कोकमं मिळाली.

तुमची,
बाय