ग्लास्टनबरीच्या चिखलातल्या अनोळखी माणसांना

उशिरा का होईना, आभार.

सवाईला भारतीय बैठकीत मांडी ठोकून बसणारी मी. २०१६ च्या जूनमध्ये इंग्लंडातल्या सॉमरसेटच्या वर्दी फार्मवर, ग्लास्टनबरीच्या संगीत महोत्सवाला पहिल्यांदा गेले, तीही साध्या कापडी बुटांत! पिरॅमिड स्टेजकडे, म्हणजे मुख्य मंचाकडे जाताना पाय घोट्यापर्यंत रुतला. पाय निघाला, बूट आतच. मागून येणाऱ्या एका आजींनी कोपरापर्यंत हात घालून तो उपसला, वर स्वतःचे जादाचे गमबूट मला दिले. दोन नंबर मोठे होते. मोजे कोंबून रविवारपर्यंत तेच चालवले. नाव विचारायचं राहूनच गेलं.

माझा तंबू उलटा उभा केलाय हे न हसता सांगणाऱ्या दोन पोरांचेही आभार.

आणि शेजारचं जोडपं. शुक्रवारी सकाळी ब्रेक्झिटच्या सार्वमताचा निकाल कळून सगळे सुन्न बसले होते, तरी यांनी मला चहा दिलाच. बिनदुधाचा. (१९७० च्या पहिल्या महोत्सवात एका पौंडाच्या तिकिटावर फार्मचं दूध फुकट होतं म्हणे. माझं नशीब!)

आजी, गमबूट धुऊन ठेवलेत.