५५ ची दुप्पट ११० होत नाही साहेब

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात मिरवणुकीच्या बातमीत छापून आलं की डीजेचा आवाज ११० डेसिबल, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आता २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ अन् रात्री १० नंतर ४५ हे बरोबर दिलंय तुम्ही, पण दुप्पट कशाची हो, मर्यादेच्या ५५ डेसिबल वर गेलं म्हणजे आवाजाची पॉवर ३ लाख पटीच्या पण वर गेली. कानाला एवढं वाटत नाही ते सोडा, कानाला दर १० डेसिबलला साधारण दुप्पट वाटतं, त्या हिशोबानंही ४० पटीच्या वर जातं.

डेसिबल हा पटीचा हिशोब आहे. दोन पॉवरचा भागाकार करायचा, त्याचा १० च्या पायाचा लॉग (म्हणजे १० चा कितवा घात ते) घ्यायचा, त्याला १० नं गुणायचं, झालं. ३ वाढले की पॉवर दुप्पट, १० वाढले की दहापट. म्हणून चौकात दोन डीजे आपापली गाणी लावून समोरासमोर आले अन् दोघांचाही आवाज १००-१०० येत असंल तर मीटर १०३ च्या आसपास दाखवणार, २०० नाही. आमच्याकडली पोरं तर कर्ज काढून ५०० वॅटचा अ‍ॅम्प बदलून हजारचा घेतेत अन् पदरात पडतेत ३ डेसिबल, सांगून ऐकत नाहीत.

डिप्लोमाच्या पोरांचं पण तेच. २० डीबीएमचे (डीबीएम म्हणजे १ मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) दोन वेगवेगळे सिग्नल एकत्र केले तर किती, विचारलं की पटकन ४० म्हणतेत. अरे बाबा २० डीबीएम म्हणजे १०० मिलीवॅट, दोन मिळून २०० मिलीवॅट, म्हणजे २३ डीबीएम. ४० म्हणजे १० वॅट, ते कुठून आणले? हां, त्याच २० डीबीएमला २० डीबी (डेसिबल) गेनचा, म्हणजे तेवढी पॉवर वाढवणारा, अ‍ॅम्प्लिफायर लावला तर खुशाल बेरीज करा, ४० च येतं, कारण २० डीबी गेन म्हणजे पॉवर १०० पट अन् लॉगमधे गुणाकाराची बेरीज होते. व्होल्टेजला १० च्या जागी २० का घेतात (पॉवर व्होल्टेजच्या वर्गावर चालते म्हणून) इथं आलं की निम्मा वर्ग गार.

तर विनंती एवढीच की दुप्पट-तिप्पट न छापता मर्यादेपेक्षा ५५ डेसिबल जास्त असं छापा, अन् मीटर स्पीकरपासून किती लांब धरला तेही टाका, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल तसेच कमी होतेत, ५ मीटरवरचे ११० दहा मीटरवर १०४ च भरतेत.

आपला वाचक,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक मास्तर, परभणी