कोंबडीखाद्यात नुसता प्रथिनांचा आकडा पुरेसा नाही

महोदय,

सोयापेंड महागली की आमच्या विटा-खानापूर भागातील अंड्यांवरच्या कोंबड्या पाळणारे शेतकरी सुकी मासळी, मीट-बोन मील (मांस-हाडांची भुकटी), पिसांची किंवा रक्ताची भुकटी यांची चौकशी करू लागतात. २०२१ मध्ये सोयापेंडीचे दर इतके चढले होते, की केंद्र सरकारला १२ लाख टन पेंड आयात करण्याची परवानगी द्यावी लागली. या प्राणिजन्य घटकांना सरसकट नावे ठेवणे मला पटत नाही. माझा आक्षेप आहे तो केवळ 'प्रथिने इतके टक्के' एवढ्याच बोलीवर त्यांची विक्री होते, याला.

हे घटक मुळात कसदार आहेत. सोयापेंडीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल (प्रथिनांचा एक घटक) कमी पडते, तर चांगल्या मासळीच्या भुकटीत ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने आणि लायसिन-मेथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्ले भरपूर असतात. मीट-बोन मीलमध्ये प्रथिने ५० टक्क्यांच्या आसपास, शिवाय कॅल्शियम सुमारे १० आणि फॉस्फरस ५ टक्के असतो. धान्य आणि पेंडीतल्या फॉस्फरसचा बराच मोठा भाग फायटेट या न पचणाऱ्या संयुगाच्या रूपात अडकलेला असल्यामुळे तो कोंबडीच्या अंगी लागत नाही. हाडातला फॉस्फरस लागतो आणि तेवढा डीसीपीचा (फॉस्फरससाठी खाद्यात घालायच्या डायकॅल्शियम फॉस्फेटचा) खर्च वाचतो.

आता पिसांच्या भुकटीचे पाहा. तिच्या पोत्यावर प्रथिने ८० टक्के लिहिलेली असतात आणि ती खोटीही नसतात. पण पीस केराटिन नावाच्या चिवट प्रथिनाचे बनलेले असते आणि दाबाखालच्या वाफेत नीट शिजवल्याशिवाय ते कोंबडीला पचत नाही. शिजवल्यावरही त्यात लायसिन, मेथिओनिन आणि ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले तोकडीच राहतात. रक्ताच्या भुकटीत लायसिन मुबलक, पण आयसोल्युसिन जेमतेम असते, आणि वाळवताना उष्णता जास्त झाली तर त्या लायसिनचाही बराचसा उपयोग संपतो. कागदावरचा आकडा मात्र जसाच्या तसा राहतो.

भेसळीला वाव मिळतो तोही याच आकड्यामुळे. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने काढतात. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे १०० किलो मालात एक किलो युरिया मिसळला तरी प्रथिनांचा आकडा जवळपास तीन टक्क्यांनी वर जातो आणि कोंबडीच्या पदरात काहीच पडत नाही. वाळूची भेसळ निदान घरी ओळखता येते: मूठभर मासळीची पूड काचेच्या ग्लासात पाणी घेऊन ढवळली आणि थोडा वेळ तशीच ठेवली, की तळाशी करडा थर बसतो आणि तो चिमटीत घेतला की बोटांना खरखरतो. मीठ असे दिसत नाही. ते जास्त झाले की कोंबड्या पाणी जास्त पितात आणि विष्ठा पातळ होते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपल्याकडे एकाच आवारात शेड आणि गोठा असतो. गुरांना मांस-हाडांची भुकटी घातल्यामुळे ब्रिटनमध्ये गाईंच्या मेंदूचा रोग पसरला आणि तिथे १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यात ती वापरण्यावर बंदी आली. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांसाठी डुकरांपासूनच्या प्रथिनांना पुन्हा मुभा दिली, पण गुरांसाठीची बंदी उठवली नाही. म्हणून कोंबड्यांचे असे खाद्य गाई-म्हशींच्या गव्हाणीत चुकूनही जाता कामा नये, आणि ही सूचना पोत्यावर मराठीत छापलेली असावी.

प्रत्येक पोत्यावर माल कोणत्या प्राण्याचा व कोणत्या भागाचा, तो कसा शिजवला, त्यातील पचनीय प्रथिने, लायसिन, मेथिओनिन, मीठ आणि वाळू किती, हे लिहिणे बंधनकारक करावे. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पशुसंवर्धन विभागाने तालुक्याच्या दवाखान्यात खाद्याचे नमुने स्वीकारून ते अशा संस्थेकडून तपासून घेण्याची व्यवस्था करावी आणि शेतकऱ्याला परवडेल असे शुल्क ठेवून माल संपण्याआधी अहवाल त्याच्या हाती द्यावा.

एक कुक्कुटपालक, विटा, जि. सांगली