हतनूरकाठच्या मावशींना आभाराचं पत्र

तीर्थस्वरूप मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवार-रविवार हतनूर धरणाच्या फुगवट्याकाठी, तुमच्या मळ्यात, आम्हा चौदा जणांच्या खाण्यापिण्याचा सगळा भार तुम्ही उचललात. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितो आहोत, कारण थंडी पडली की जळगाव-भुसावळकडून पुष्कळ मंडळी धरणाकडे निघतात, पाण्याचे फोटो काढतात आणि काठावरच्या गावांत काय शिजतं ते न कळताच परत फिरतात. तुम्ही शिकवलेलं त्यांच्याही कामी यावं, आणि ते लिहायला तुम्ही ‘लिहा की’ म्हणालात.

सगळ्यात जास्त आभार तुमच्या एका सवयीचे. ‘असं करा’ म्हटलं की लागलीच ‘नाहीतर काय होतं’ तेही तुम्ही सांगता. वही भरली ती त्या दुसऱ्या भागाने.

आधी फोनवर तुम्ही तीनच गोष्टी विचारल्यात: माणसं किती, त्यात लहान किती, मासे खाणारे किती. त्यावरून बेत ठरला: शनिवारी संध्याकाळी भरीत, रविवारी सकाळी मासे, दुपारी वरण-बट्टी. भरीत संध्याकाळी का, तर दुपारी पाण्यावरून वारा सुटतो, जाळ एका अंगाला वाकतो आणि वांगी एका बाजूने करपून दुसऱ्या बाजूने कच्ची राहतात. आणि डिसेंबर-जानेवारीच का, तर तेव्हा वांगी भरात असतात, कपाशीची वेचणी आटोपत आल्याने वाळलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काटक्या, बांधावर असतात, कांद्याची पात कोवळी मिळते. फुगवट्यावर चक्रवाक आणि चांदवे उतरलेले असतात ते वेगळंच. हतनूरला पक्षी बघायला लांबून लोक येतात. त्यांनीही जेवणाची वेळ अशी बांधून घ्यावी.

भरताचं वांगं कसं निवडायचं, हे तुम्ही बाजारात नेऊन दाखवलंत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. पण मानांकन असलं तरी टोपलीतलं प्रत्येक वांगं भरिताचं नसतं. फिकट हिरवं, पांढुरकी झाक असलेलं, देठ हिरवा आणि काटेरी, साल ताणलेली. दोन सारख्या आकाराची वांगी दोन हातांत धरून जे हलकं लागेल ते घ्यायचं. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात आणि जून बी भरिताला कडवटपणा आणते. माणशी साडेतीनशे ग्रॅम कच्चं वांगं धरलंत, म्हणजे चौदा जणांना ५ किलो. उरलं नाही, कमीही पडलं नाही.

देठ कापायचा नाही, तोच मूठ आहे. काडीने तीन-चार ठिकाणी टोचायचं, नाहीतर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि अर्धा गर राखेत जातो. पऱ्हाट्यांचा जाळ भडकतो मोठा आणि निवतो लवकर, म्हणून चारही बाजूंनी थोड्या-थोड्या सारत राहायच्या. त्या झटक्याने साल करपते, धूर आत शिरतो आणि गर पांढरा राहतो. नुसत्या निखाऱ्यावर ठेवलं तर वांगं रेंगाळत शिजतं, पाणी आटतं, गर काळपटतो. गॅसवर मध्यभाग शिजतो, कडा राहतात आणि धूर तर नाहीच. पंधरा-वीस मिनिटांनी वांगं मऊ पडून मान टाकतं, सगळ्यांना वाटतं झालं. तुम्ही मात्र दर वांग्याला देठाजवळ, टोपीच्या खाली, अंगठ्याने दाबून बघत होतात. तिथे कडक लागलं की पुन्हा जाळात. शेवटी शिजतो तो तोच भाग, आणि भरितात दाताखाली कच्चा तुकडा लागतो तो तिथलाच.

मग परातीत झाकून दहा मिनिटं. साल वाफेने आपोआप सुटते. नळाखाली धरून सोलायचं नाही, धूर धुवून निघतो. बाजूला वाटीत पाणी ठेवून फक्त बोटं बुडवायची. परात एका अंगाने उचलून ठेवायची, सुटलेलं तपकिरी पाणी काढून टाकायचं. त्यानंतर लाकडी भांड्यात लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सर लावला तर गराचे धागे तुटून खळ होते, हे शहरातल्या भरिताचं मोठं दुखणं.

५ किलोला तुमचं माप: हिरव्या मिरच्या पाव किलो, लसणाचे सहा गड्डे, दोन्ही त्याच विस्तवावर भाजून मिठासोबत जाडसर ठेचलेले. शेंगदाणे २०० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याच्या एका वाटीचे पातळ काप, कांद्याच्या पातीच्या चार जुड्या, कोथिंबीर, आणि अर्धा लिटर तेल. तेलाला बघून शहरातली माणसं बिचकतात. पण तेल कमी पडलं की मिरचीचा ठेचा गराला सगळीकडे सारखा लागत नाही. एक घास फिका, एक जाळणारा. तेलात आधी शेंगदाणे तांबूस, मग खोबरं, मग ठेचा, अर्धी पात, शेवटी वांगं, आणि पाच मिनिटांत खाली. उरलेली अर्धी पात कच्चीच वरून. हे कच्च्या पातीचं भरीत दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये, आंबूस होतं. घरी न्यायचं असेल तर नुसता भाजलेला, ठेचलेला गर न्यायचा आणि फोडणी घरी द्यायची.

सोबत कळण्याची भाकरी. दादर ज्वारी चार भाग, सालासकट काळे उडीद एक भाग, मूठभर मेथीदाणे आणि खडेमीठ, सगळं एकत्र दळलेलं. ज्वारीला स्वतःचा चिकटपणा नसतो, तो उडीद देतो. म्हणून भाकरी मोठी थापता येते आणि गार झाल्यावरही वातड होत नाही. उडीद वाढवला तर चव वाढेल असं वाटतं, पण भाकरी हाताला चिकटते, फुगत नाही, मधे कच्ची राहते. पीठ जुनं झालं असेल तर कडा फाटतात, तेव्हा कोमट पाण्याने मळायचं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटायची. एवढ्या एका क्षणासाठी तुम्ही बोलता बोलता थांबत होतात. पाणी सुकून गेलं की वरचा पापुद्रा तडकतो, वाफ तड्यातून निघून जाते आणि भाकरी फुगायची राहते.

माशांचे आभार वेगळे. तुमच्या चुलीवर मासा चढत नाही, तरी तुम्ही अंगणाच्या कडेला तीन दगडांची वेगळी चूल मांडून दिलीत आणि भोईवाड्यातल्या वहिनींना बोलावलंत. त्यांचेही आभार इथेच मानतो. सकाळी आठच्या आत काठावर जायचं, जाळी आल्या आल्या. कल्ला उचलून लाल बघायचा, डोळा वर आलेला हवा, बोटाने दाबलेला खळगा लगेच भरला पाहिजे. रोहू-कटल्याला काटे बारीक आणि दोन फाट्यांचे, तेही पाठीकडे आणि शेपटीकडे दाट; लहान मुलांना पोटाकडचा तुकडा द्यायचा. मरळ मिळाली तर मुलांसाठी तीच, काटे कमी.

गोड्या पाण्याच्या माशाला गाळाचा वास येतो अशी तक्रार करणाऱ्यांनी वहिनींची रीत पाळावी. पोटातलं काळं पातळ अस्तर खरवडून काढायचं. मग दोन किलो तुकड्यांना दोन मोठे चमचे मीठ, चमचाभर हळद, दोन लिंबांचा रस, वीस मिनिटं, आणि एकदाच धुवायचं. हा वास आंबटाने मोडतो, नुसत्या पाण्याने दहादा धुतला तरी जात नाही. रश्शाला कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून वाटायचं, लसूण, तीन मोठे चमचे काळा मसाला, गरम पाणी. रस्सा पंधरा मिनिटं उकळून तर्री वर आल्यावरच मासे सोडायचे, आणि पुढची आठ-दहा मिनिटं चमचा घालायचा नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी धरून हलवायचं. चमचा घातला की तुकड्यांचा चुरा होतो.

वरण-बट्टीची गडबड पिठाच्या जाडीत असते. गव्हाचं रवाळ पीठ १ किलो, मक्याचं पाव किलो, कडकडीत तेलाचं मोहन दीड वाटी, ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. पीठ घट्ट. बारीक पोळीचं पीठ वापरलं तर बट्टी चिवट होते. गोवऱ्या पेटवून धूर पूर्ण जाऊ द्यायचा, वर राखाडी थर धरला की मगच बट्ट्या, नाहीतर धुराचा वास लागतो तो तुपानेही झाकत नाही. झालेली बट्टी दाबली की भेगाळते आणि भेगेतून वाफ निघते. तूप ओतायचं ते तेव्हाच, वरून घट्ट तुरीचं वरण. आणि तुमची सूचना तशीच लिहितो: बट्टी खाऊन लगेच गाडी हाकायची नाही, तासभर निंबाखाली पडायचं.

पडून उठल्यावर वेळ उरला तर चांगदेव. तापी-पूर्णेचा संगम आणि काठावरचं जुनं दगडी मंदिर, दोन्ही एकाच ठिकाणी. मात्र फुगवट्याच्या कडेने चालताना वाळलेला दिसणारा गाळ वर खपली आणि खाली दलदल असतो. लहान मुलांना तिथे सोडू नये. केळीच्या बागेत शिरून पिकलं केळं शोधू नये, घड कच्चेच कापतात आणि पिकतात बाहेर. जेवायला पानं मात्र मागून घ्यावीत. पान विस्तवावरून एकदा फिरवलं की लवचिक होतं, वाढताना फाटत नाही. तुम्ही चौदाच्या चौदा पानं तशी शेकून ठेवली होती.

मावशी, खर्च घेताना तुम्ही तेल, तूप आणि मासळीचे तेवढे पैसे घेतलेत, वांगी-भाकरीचे घेतले नाहीत. पुढच्या खेपेला तसं चालणार नाही. जे कोणी येतील त्यांनीही आधीच ठरवून पूर्ण द्यावेत, कारण दोन दिवस चूल पेटती ठेवायला घरची तीन माणसं शेतातलं काम सोडून बसतात.

कळण्याचं पीठ बांधून दिलेला तुमचा पितळी डबा आमच्याकडेच राहिला आहे. संक्रांतीच्या आधी, तीळगुळाचे लाडू भरून, तो घेऊन येतो. येताना दळणासाठी काळे उडीद किती आणायचे तेवढं कळवा.

तुमच्या ऋणातली,
जळगावची चौदा माणसं